सूर्यप्रकाशाने जलविघटन : प्रकाशउत्प्रेरकांच्या सुधारणेची अर्धशतकी वाटचाल

पाणी हे इंधन नव्हे. ते जळून गेलेल्या इंधनाचा अवशेष आहे. हायड्रोजन वायू ऑक्सिजनमध्ये जळला की उष्णता बाहेर पडते आणि जे मागे उरते त्याला आपण पाणी म्हणतो. चुलीतल्या राखेतून जसा पुन्हा जाळ निघत नाही, तसाच तो पाण्यातूनही आपोआप निघत नाही. पाण्याचे पुन्हा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करावयाचे असतील, तर ज्वलनाच्या वेळी जी ऊर्जा बाहेर पडली ती बाहेरून परत द्यावी लागते. या हिशेबातून कोणाचीही सुटका नाही. ‘पाण्यावर चालणारी मोटार’ अशी बातमी अधूनमधून वाचनात येते, तेव्हा एवढा एक नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ फसगत टळते.

मग प्रश्न उरतो, की ही ऊर्जा आणावयाची कोठून? झाडाच्या पानाने हा प्रश्न कोट्यवधी वर्षांपूर्वीच सोडविला आहे. पान सूर्यप्रकाश घेते, त्याच्या बळावर पाण्याचा रेणू फोडते, ऑक्सिजन हवेत सोडते आणि उरलेल्या भांडवलातून साखर व लाकूड घडविते. हेच काम एखाद्या साध्या, टिकाऊ, निर्जीव पदार्थाकडून करून घेता येईल का, या ध्यासाने जगातील अनेक रसायनशास्त्रज्ञ गेली पन्नासहून अधिक वर्षे झटत आहेत. पाण्यात एक चूर्ण असावे, त्यावर ऊन पडावे आणि त्या पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे वर यावेत, असे हे स्वप्न आहे. अशा चूर्णाला ‘प्रकाशउत्प्रेरक’ म्हणतात. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही. तो केवळ अभिक्रिया घडवून आणतो. ऊर्जा देतो तो सूर्य.

या चूर्णाची सुधारणा कशी होत गेली, ती आज कोठवर आली आहे आणि कोठे अडली आहे, हे प्रस्तुत लेखात आम्ही आमचे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे यथामती मांडीत आहोत. शालेय विज्ञानाची उजळणी असेल तेवढी हा विषय समजण्यास पुरेशी आहे.

हायड्रोजन हवा कशाला?

हायड्रोजन म्हटला की मोटारी आणि अग्निबाण आठवतात. परंतु आपल्या घराशी त्याचे नाते याहून जवळचे आहे. शेतकरी बांधवांच्या घरी येणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीमागे अमोनिया असतो आणि अमोनियामागे हायड्रोजन. महाराष्ट्रात तुर्भे आणि थळ येथील खत कारखान्यांत अमोनिया तयार होतो. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून काढला जातो. या पद्धतीने एक किलो हायड्रोजन मिळविताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा परदेशांतून विकत आणावा लागतो.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारणे हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. या अभियानाचा मुख्य भर विद्युत अपघटनावर आहे. म्हणजे सौर पटलांपासून किंवा पवनचक्क्यांपासून वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेने पाण्याचे विघटन करावयाचे. हा मार्ग सिद्ध आहे, पण त्यात सौर पटल, तारा, विद्युत अपघटनाचे यंत्र अशी खर्चिक साखळी उभी करावी लागते. प्रकाशउत्प्रेरकाचा मार्ग या साखळीतील मधल्या कड्या गाळून टाकू पाहतो. साधेपणा हे त्याचे आकर्षण आहे; अल्प कार्यक्षमता हे त्याचे दुखणे आहे.

कणाच्या आत काय घडते?

प्रकाशउत्प्रेरक हा अर्धवाहक पदार्थ असतो. त्याच्या स्फटिकातील इलेक्ट्रॉन दोन मजली इमारतीत राहतात अशी कल्पना करू. खालचा मजला इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेला आणि वरचा रिकामा. दोहोंच्या मध्ये राहण्यास जागाच नाही. या मधल्या अंतरास आपण ‘ऊर्जांतर’ म्हणू. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, पुरेशी ऊर्जा घेऊन आला तर तो खालच्या मजल्यावरील एका इलेक्ट्रॉनला वर ढकलतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खाली त्याच्या जागी उरलेली पोकळी, असे एक जोडपे तयार होते. इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागावर पोहोचून पाण्यातील हायड्रोजन आयनांना मिळाला, की हायड्रोजन वायू होतो. पोकळीने पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतला, की ऑक्सिजन होतो.

कागदावर हे सोपे दिसते. पाण्याच्या विघटनास दर इलेक्ट्रॉनमागे १.२३ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा पुरते. म्हणजे ऊर्जांतर निदान तेवढे असावे. प्रत्यक्षात अभिक्रिया वेगाने होण्यासाठी काही अधिक ऊर्जा खर्ची पडते, म्हणून ते २ इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या आसपास किंवा अधिक असावे लागते. दुसरी अट अशी, की दोन्ही मजले योग्य उंचीवर हवेत. वरचा मजला हायड्रोजन घडविण्यास पुरेसा उंच आणि खालचा मजला ऑक्सिजन घडविण्यास पुरेसा खोल. या अटी पुऱ्या करणारे पदार्थ मुळातच थोडे आहेत, आणि त्यांपैकी पाण्यात उन्हाखाली दीर्घकाळ टिकणारे त्याहून थोडे.

आरंभ : १९७२

या शास्त्राचा आरंभ जपानमध्ये झाला असे मानतात. टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे केनिची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाचे विद्युत अग्र त्यांनी पाण्यात बुडविले, ते तारेने प्लॅटिनमच्या अग्रास जोडले आणि स्फटिकावर प्रकाश टाकला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे आले आणि प्लॅटिनमवर हायड्रोजन निघाला. १९६७ च्या सुमारास दिसलेल्या या घटनेचा निबंध १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जगाला खनिज तेलाच्या टंचाईचा धक्का बसला आणि या शोधाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतींच्या पांढऱ्या रंगात वापरले जाणारे स्वस्त, निरुपद्रवी चूर्ण. पण त्याचे ऊर्जांतर ३ इलेक्ट्रॉनव्होल्टांहून थोडे अधिकच भरते. एवढी ऊर्जा केवळ अतिनील किरणांत असते आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. उरलेले सारे ऊन त्या चूर्णावरून परावर्तित होऊन जाते. ते पांढरे दिसते याचा अर्थच हा, की दृश्य प्रकाशापैकी काहीच त्याने घेतलेले नाही.

तीन ठिकाणची गळती

धरणात पाणी भरपूर असते, तरी शेतापर्यंत थोडेच पोहोचते. काही पाणी कालव्यात शिरतच नाही, काही वाटेत झिरपते आणि काही शेताच्या बांधापाशी येऊन उलटे वाहून जाते. प्रकाशउत्प्रेरकातही गळतीच्या अशाच तीन जागा आहेत, आणि सुधारणेचा सारा इतिहास हा या तीन गळत्या एकेक करून बुजविण्याचा इतिहास आहे.

पहिली गळती प्रकाश शोषण्याच्या वेळची. ऊर्जांतर जास्त असेल तर उन्हाचा बहुतांश भाग शोषलाच जात नाही.

दुसरी गळती कणाच्या आतली. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खाली उरलेली पोकळी यांना एकमेकांची ओढ असते. पृष्ठभाग गाठण्याआधीच ते पुन्हा एकत्र आले, तर मिळविलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. स्फटिकात जेथे जेथे दोष असतील तेथे हा पुनर्संयोग अधिक होतो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या अत्यल्प अंशात घडून जातो.

तिसरी गळती पृष्ठभागावरची. इलेक्ट्रॉन तेथवर पोहोचला तरी हायड्रोजन घडविण्यास त्याला मदतनीस लागतो. या मदतनीसास ‘सहउत्प्रेरक’ म्हणतात. प्लॅटिनम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचे सूक्ष्म ठिपके कणांवर बसविले की हायड्रोजन सहज निघतो. पण येथे एक विचित्र अडचण उभी राहते. जो धातू हायड्रोजन घडविण्यास मदत करतो, तोच हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना पुन्हा एकत्र आणून पाणी करण्यासही मदत करतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतले जाते. काझुनारी डोमेन यांच्या गटाने यावर २००६ मध्ये एक सुंदर उपाय दाखविला. त्यांनी ऱ्होडियमच्या ठिपक्यावर क्रोमियम ऑक्साइडचे अतिपातळ आवरण चढविले. या आवरणातून हायड्रोजन बाहेर येऊ शकतो, परंतु ऑक्सिजन आत धातूपर्यंत पोहोचू शकत नाही. उलटी अभिक्रिया त्यामुळे थांबते.

येथे विद्यार्थ्यांनी एक गणित ध्यानात घ्यावे. एकूण कार्यक्षमता ही तिन्ही टप्प्यांच्या कार्यक्षमतांची बेरीज नसून गुणाकार असतो. प्रत्येक टप्पा ५० टक्के यशस्वी झाला तर हाती येतात केवळ साडेबारा टक्के. दोन टप्पे उत्तम आणि तिसरा १ टक्का असेल, तर एकूण फळ १ टक्क्याच्या वर जात नाही. म्हणून सर्वांत दुबळा टप्पा कोणता हे आधी ओळखावे लागते. त्यास सोडून इतरत्र कितीही श्रम केले तरी ते पदरात पडत नाहीत.

एका पदार्थाची चाळीस वर्षे

या पद्धतीने काम कसे चालते याचा उत्तम वस्तुपाठ म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या पदार्थाची कथा. डोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या चूर्णावर निकेल ऑक्साइड बसवून पाण्याचे विघटन करून दाखविले. उत्पादन अत्यल्प होते. पुढील काळात अनेक नवे पदार्थ आले. त्यांपैकी अकिहिको कुदो यांच्या गटाने २००३ मध्ये सोडियम टँटॅलेटमध्ये लँथेनम मिसळून ५६ टक्क्यांची क्वांटम कार्यक्षमता गाठली. पण त्यासाठी २७० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागत, जे सूर्याकडून जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट निदान जमिनीवर पोहोचणारे अतिनील किरण वापरू शकत होते. म्हणून त्याचा नाद काही संशोधकांनी सोडला नाही.

मध्यंतरी एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. स्ट्रॉन्शियम क्लोराइड वितळवून त्या रसात हे चूर्ण मुशीत तापविले, की त्याचे स्फटिक रेखीव होत आणि त्यांची क्रियाशीलता कितीतरी पटींनी वाढे. स्फटिक सुधारले म्हणून काम सुधारले, असे सरळ उत्तर देऊन थांबता आले असते. परंतु संशोधकांनी चूर्णाचे पृथक्करण केले तेव्हा त्यात ॲल्युमिनियम आढळले. ते कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. मूस ॲल्युमिनाची होती आणि तापलेल्या रसाने मुशीतलेच थोडे ॲल्युमिनियम स्फटिकात ओढून घेतले होते. स्फटिकात काही टायटॅनियम अणूंवर एक इलेक्ट्रॉन अधिक राहून दोष निर्माण होत आणि त्या दोषांपाशी इलेक्ट्रॉन-पोकळीचा पुनर्संयोग होई. ॲल्युमिनियमने टायटॅनियमच्या काही जागा घेतल्या आणि ते दोष घटले. हे कळल्यावर ॲल्युमिनियम हेतुपुरस्सर, मोजून मिसळले जाऊ लागले. दुसरी गळती अशी हाती लागली.

नंतर स्फटिकाच्या आकाराचा उपयोग करून घेण्यात आला. या स्फटिकाला दोन प्रकारच्या बाजू असतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या बाजूंकडे आणि पोकळ्या दुसऱ्या प्रकारच्या बाजूंकडे जातात. मग सहउत्प्रेरक बसविण्याचे काम प्रकाशाकडेच सोपविण्यात आले. ऱ्होडियमचे क्षार पाण्यात घालून चूर्णावर प्रकाश टाकला, की इलेक्ट्रॉन जेथे येतात नेमके तेथेच ऱ्होडियम बसते. त्यावर त्याच रीतीने क्रोमियमचे आवरण चढते. आणि पोकळ्या जेथे येतात तेथे कोबाल्टचे ठिपके बसतात. कारागिराने हाताने बसविणे अशक्य असलेल्या जागी प्रत्येक घटक आपोआप पोहोचतो. हायड्रोजनचे काम एका दारी आणि ऑक्सिजनचे दुसऱ्या दारी अशी वाटणी झाली, आणि इलेक्ट्रॉन व पोकळ्यांची गाठ पडण्याचा प्रसंगच उरला नाही.

या साऱ्या उपायांचे फळ २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात या चूर्णाची क्वांटम कार्यक्षमता ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचली. म्हणजे चूर्णावर टाकलेल्या शंभर फोटॉनांपैकी सुमारे ९६ फोटॉनांचे काम वाया गेले नाही. दुसरी आणि तिसरी गळती जवळजवळ पूर्णपणे बुजविता येते, हे यामुळे सिद्ध झाले. तोवर हे शक्य आहे की नाही याविषयीच शंका होती.

आता उरला तो रंगाचा प्रश्न

९६ टक्के हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की कार्य सिद्धीस गेले. तसे नाही. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटही पांढरे चूर्ण आहे. त्याचे ऊर्जांतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने ते साधारण ३९० नॅनोमीटरपर्यंतचेच किरण घेते. ४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रत्येक फोटॉन सत्कारणी लावला, तरी सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २ टक्केच हायड्रोजनमध्ये साठविता येते. ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरता आला, तर हीच मर्यादा सुमारे १६ टक्क्यांपर्यंत जाते. संशोधक व्यवहार्यतेसाठी १० टक्क्यांचे लक्ष्य पुढे ठेवतात. म्हणजे ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेणारे आणि त्यातील साठाहून अधिक टक्के फोटॉन कामी लावणारे चूर्ण हवे.

असे चूर्ण पांढरे असून चालणार नाही. निळा प्रकाश घेणारे चूर्ण पिवळे दिसते. निळ्याबरोबर हिरवाही घेणारे नारिंगी किंवा लाल दिसते. पांढऱ्याकडून पिवळ्याकडे आणि पिवळ्याकडून लालाकडे, हा या शास्त्राचा प्रवास आहे.

हा प्रवास कठीण का, याचे कारण पुन्हा त्या दोन मजल्यांत आहे. ऑक्साइड पदार्थांत खालचा मजला ऑक्सिजनच्या अणूंमुळे बनतो आणि तो आवश्यकतेपेक्षा फार खोल असतो. ऊर्जांतर कमी करण्यासाठी तो वर उचलावा लागतो. काही ऑक्सिजन अणूंच्या जागी नायट्रोजन किंवा गंधक आणले, तर हे साधते. गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड यांच्या पिवळ्या मिश्र स्फटिकाने डोमेन यांच्या गटाने २००६ मध्ये दृश्य प्रकाशात पाण्याचे संपूर्ण विघटन केले. तेव्हाची क्वांटम कार्यक्षमता सुमारे २.५ टक्के होती. लाल रंगाचे टँटॅलम नायट्राइड जवळपास ६०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेते. त्याच्या निर्दोष सूक्ष्म कांड्या वाढवून २०१८ मध्ये त्यानेही पाण्याचे संपूर्ण विघटन करता आले. मात्र नायट्रोजन व गंधकयुक्त पदार्थांत दोष अधिक राहतात; शिवाय पोकळ्या पाण्याऐवजी पदार्थालाच खाऊ लागतात. कॅडमियम सल्फाइडचे पिवळे चूर्ण प्रकाश उत्तम घेते, पण पाण्यात उन्हाखाली स्वतःच झिजते.

आपल्या पुण्यातही या दिशेने काम झाले आहे. सी-मेट या केंद्रीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॅडमियम, इंडियम आणि गंधक यांच्या संयुगाची झेंडूच्या फुलासारखी पाकळ्यापाकळ्यांची सूक्ष्मरचना तयार केली. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून दृश्य प्रकाशाच्या साह्याने हायड्रोजन मिळविण्यासाठी ती वापरण्यात आली. हे पाण्याचे विघटन नव्हे आणि त्यास ऊर्जाही पुष्कळ कमी लागते. परंतु तेलशुद्धीकरणात निघणाऱ्या घातक वायूचा सदुपयोग म्हणून त्याचे स्वतंत्र महत्त्व आहे.

दुसरा मार्ग पानाकडून शिकलेला आहे. पान एकाच टप्प्यात पाणी फोडीत नाही. त्यात दोन प्रकाशयंत्रणा एकीच्या पुढे एक काम करतात. त्याच धर्तीवर हायड्रोजन घडविणारे एक चूर्ण आणि ऑक्सिजन घडविणारे दुसरे चूर्ण एकत्र योजण्यात येते. दोन्ही कामे एकाच पदार्थाने करण्याची अट सुटल्याने निवडीस वाव मिळतो. २०१६ मध्ये अशी दोन चूर्णे सोन्याच्या पातळ थरावर बसवून तयार केलेल्या पत्र्याने सूर्यऊर्जेपैकी १.१ टक्का हायड्रोजनमध्ये साठविली.

प्रयोगशाळेतून उघड्या उन्हात

परीक्षानळीतील यश मैदानात टिकते का, ही खरी कसोटी. डोमेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १ चौरस मीटरचे पटल तयार करून उन्हात ०.४ टक्के कार्यक्षमता मिळविली. २०२१ मध्ये त्यांनी जपानमध्ये १०० चौरस मीटर क्षेत्राची मांडणी उघड्यावर उभारल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. तीत प्रत्येकी ६२५ चौरस सेंटिमीटरची १,६०० लहान पटले होती. ॲल्युमिनियममिश्रित स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे चूर्ण त्यांत पातळ थर देऊन बसविले होते. ही मांडणी कित्येक महिने चालली आणि तिची सर्वाधिक कार्यक्षमता ०.७६ टक्के भरली.

या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येतात आणि हे मिश्रण ठिणगीनेही पेट घेते. म्हणून वायू साठण्यास मुळी जागाच राहू नये अशा रीतीने पटले अरुंद ठेवली होती आणि बाहेर आलेले मिश्रण पडद्यातून गाळून हायड्रोजन वेगळा काढला जात होता. संशोधकांनी मुद्दाम ठिणगी पाडूनही यंत्रणा तपासली आणि ती सुरक्षित राहिली.

०.७६ टक्के म्हणजे नेमके किती, याचा हिशेब आपल्या परिचयाच्या मापांनी करून पाहू. वसतिगृहाची १० मीटर लांब व १० मीटर रुंद गच्ची घेतली, तर तिचे क्षेत्र १०० चौरस मीटर होते. महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी सुमारे ५ युनिट सौरऊर्जा पडते. म्हणजे गच्चीवर ५०० युनिट. त्यातील ०.७६ टक्के सतत साठविता आले असे धरले, तरी ते होतात ३.८ युनिट, आणि तेवढ्यातून मिळतो सुमारे ११५ ग्रॅम हायड्रोजन. कार्यक्षमता १० टक्के झाली, तर त्याच गच्चीवर दिवसाला सुमारे दीड किलो हायड्रोजन मिळेल. त्याची उष्णता साधारण ४ किलो स्वयंपाकाच्या गॅसइतकी भरेल आणि त्यासाठी पाणी लागेल अवघे १४ लिटर, म्हणजे एखादी कळशी.

या आकड्यांशेजारी प्रतिस्पर्ध्याचा आकडाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २० टक्के कार्यक्षमतेचे सौर पटल आणि ६५ ते ७० टक्के कार्यक्षमतेचे विद्युत अपघटन यंत्र एकत्र जोडले, तर आजच सुमारे १३ ते १४ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये साठविता येते. प्रकाशउत्प्रेरकाला त्याच्याशी स्पर्धा करावयाची असेल, तर ती खर्चाच्या आणि साधेपणाच्या बळावरच करता येईल. म्हणून निदान ५ ते १० टक्क्यांची पातळी आणि वर्षानुवर्षांचा टिकाऊपणा या दोन्ही गोष्टी त्यास मिळवाव्या लागतील.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आणखी एक वाट दाखविली. त्यांनी इंडियम गॅलियम नायट्राइडच्या सूक्ष्म तारा सिलिकॉनवर वाढविल्या आणि त्यांवर भिंगाने एकवटलेला प्रकाश टाकला. त्या प्रकाशाच्या उष्णतेने पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि उलटी अभिक्रिया दबली. प्रयोगशाळेत ९.२ टक्के आणि बाहेर नैसर्गिक उन्हात ६.२ टक्के कार्यक्षमता मिळाली. आकडा लक्ष्याजवळ आला. परंतु असे पदार्थ वाढविण्याचा खर्च साध्या चूर्णाहून पुष्कळ अधिक असतो.

बातमी वाचताना

या क्षेत्रातील घोषणा यापुढेही वर्तमानपत्रांत येत राहतील. त्या वाचताना काही प्रश्न विचारण्याची सवय वाचकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, लावून घ्यावी असे आम्हास वाटते.

पहिला प्रश्न : दिलेली टक्केवारी कशाची आहे? एका तरंगलांबीच्या फोटॉनांची की सूर्याच्या एकूण ऊर्जेची? ९६ टक्के आणि ०.७६ टक्के हे दोन्ही आकडे एकाच जातीच्या चूर्णाचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

दुसरा प्रश्न : पाण्याखेरीज आणखी काय मिसळले होते? अनेक प्रयोगांत मिथेनॉल किंवा सोडियम सल्फाइड यांसारखे पदार्थ घालतात. ते पोकळ्यांना आपले इलेक्ट्रॉन देऊन स्वतः खर्ची पडतात. त्यामुळे हायड्रोजन भरपूर निघतो, पण ऑक्सिजन निघत नाही. अशा प्रयोगांतून शिकण्यासारखे पुष्कळ असते. मात्र त्यास पाण्याचे संपूर्ण विघटन म्हणता येत नाही.

तिसरा प्रश्न : हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण २ : १ आहे का? शाळेतील विद्युत अपघटनाच्या प्रयोगात दोन नळ्यांतील वायूंची जी उंची आपण मोजतो, तीच कसोटी जगातील सर्वांत प्रगत प्रयोगशाळेतही लावली जाते.

चौथा प्रश्न : चूर्ण किती काळ टिकले? तासभर की वर्षभर?

आणि पाचवा, सर्वांत जुना प्रश्न : ऊर्जा आली कोठून? या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर जेथे मिळत नाही, तेथे पैसे गुंतवू नयेत.

या वाटचालीत भाग घेण्यास फार मोठी सामग्री लागते असेही नाही. पदार्थ मिसळणे, तापविणे, रंग पाहणे, वायू मोजणे आणि एखादा निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला तरी त्याचे कारण शोधल्याशिवाय न थांबणे, ही या कामाची मूळ शिस्त आहे. मुशीतले ॲल्युमिनियम सापडले ते या शिस्तीमुळे. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना येथे करण्याजोगे काम शिल्लक आहे. लाल रंगाचे, स्वस्त, बिनविषारी आणि पाण्यात न झिजणारे चूर्ण अद्याप कोणास साधलेले नाही. ते शोधणाऱ्यांत आपल्या शाळेच्या बाकांवर बसलेले कोणी असावे, अशी अपेक्षा बाळगून आम्ही हा लेख वाचकांच्या हाती देत आहोत.